टाकीतल्या गाळाचं ताक

१

चाचणीच्या शेडमधल्या टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा आत ताक होतं.

म्हणजे होता तो गाळच. पण आदल्या संध्याकाळी तोच गाळ कवडी दह्यासारखा लागला होता. वर निवळशंख पाणी आणि खाली असा घट्ट गोळा, की सुरी खुपसली तर उभी राहावी. आता मात्र काठोकाठ करडं, पातळ, सपक ताक. डोरीन स्नूकनं त्यात काठी बुडवून वर काढली. काठीला काही चिकटलंच नाही, सगळं ओघळून परत टाकीत गेलं.

"हा घातपात आहे," कर्टिस वेन्झल म्हणाला.

कर्टिस म्हणजे या डांबरी वाळूच्या खाणीचा, साइटचा नवा मॅनेजर. कॅलगरीहून या हिवाळ्यात आला होता आणि अजून त्याच्या जॅकेटची घडी मोडली नव्हती. डोरीन साइटची सुरक्षाप्रमुख. न्यूफाउंडलंडच्या बेटावरून ती इकडे उत्तरेत आली ती दोन हिवाळे काढून परत जायचं असं ठरवून. पण ते दोन हिवाळे संपायचं नाव घेईनात, आणि आता तिचे केस पांढरे झाले होते.

"सकाळी तुम्हीच आधी आलात ना, साहेब?" तिनं विचारलं.

"हो. आत आलो, दिवे लावले, नेहमीचं चालू-बंद केलं, झाकण उघडलं, तर हे असं. मी लगेच तुम्हाला फोन केला. आणि हे कुणी केलं तेही मला माहीत आहे. काल टाकीवर शेवटी कोण होतं? अल्फॉन्स मर्क्रेदी. त्याचा गेटपास मी काढून घेतलाय. दुपारच्या बसनं तो जाईल. तुम्ही फक्त रिपोर्टवर सही करा."

डोरीननं काठी भिंतीला टेकवली. दुपारची बस म्हणजे तीच बस, जिच्यातून नदीच्या खालच्या अंगाच्या गावातली वडीलधारी मंडळी हा गाळ बघायला येणार होती. आणि त्या मंडळींची पुढारी होती फिलोमीन मर्क्रेदी, अल्फॉन्सची सख्खी मावशी. एका दारातून मावशी उतरणार आणि दुसऱ्या दारातून भाचा चोरासारखा चढणार, एवढं साधं चित्र या साहेबाच्या डोळ्यांपुढं आलं नव्हतं.

"सही करते की," डोरीन म्हणाली. "बस येईपर्यंत वेळ द्या. माझं पेन गोठलंय."

२

अल्फॉन्स कामगार राहायच्या कॅम्पच्या दाराशी बाकावर बसला होता. पायांत मोजे, शेजारी भरलेली बॅग. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. डोरीननं दोन कप कॉफी आणली, त्याच्यात दुप्पट साय आणि दुप्पट साखर, आणि त्याच्या शेजारी टेकली.

"काय झालं ते सांग, राजा."

"काही नाही झालं, डोरीनताई. मेल्निकबाईंनी सांगितली तेवढी पावडर घातली. हळूहळू ढवळलं. गोळा धरला तशी मोटर बंद केली. झाकण लावलं आणि कॅम्पवर यायला शिफ्टची बस पकडली. नंतर झोपेपर्यंत जेवणघरात पत्ते खेळत होतो, अर्ध्या कॅम्पनं पाहिलंय. हरलोही त्यांच्याचकडं."

"साहेब म्हणतात, तू निघण्याआधीच त्यात काहीतरी ओतलंस. तुझ्या गावाला कंपनी नकोय म्हणून."

अल्फॉन्स हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "गावाला कंपनी नकोय ते बरोबर. म्हणून मी गाळ पातळ करीन? ताई, मी जन्मलो तेव्हा कंपनीचं हे गाळाचं तळं मावशीच्या सापळ्यांच्या वाटेपासून लांब होतं. आता तिची वाट तळ्याखाली आहे. कंपनी दर वर्षी सांगते, माती बसेल, तळं आटेल, जमीन परत मिळेल. बसते कुठं? वाळू बसली, डांबर तुम्ही विकलंत, आणि ती बारीक माती पाण्यात लोंबकळत राहिली. काल आयुष्यात पहिल्यांदा मी ती बसलेली पाहिली. मी मावशीला फोन करून सांगितलं, ये आणि बघ, या वेळी खरं आहे. तिचा विश्वास बसेना. म्हणाली, तू सांगतोयस म्हणून येते."

तो कपाकडं बघत राहिला. "एका साइटवरून हाकललं, की नदीकाठची दुसरी साइट घेत नाही. ते एक वेळ चालेल. पण ती येऊन काय बघणार? टाकीत पाणी, आणि हातात बॅग घेतलेला मी."

डोरीनला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिला भूक लागते. तिनं खिशातलं बिस्कीट काढलं, अर्धं त्याला दिलं. तेवढ्यात जेवणघराच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "डोरीन, कावळ्यांबद्दल तुला कुणी सांगितलं का?"

३

ओरडणारा जेरार्ड पॉटल होता. डोरीनच्याच बेटावरचा, तिच्याच खाडीतला. तळ्यावरच्या तरंगत्या पंपाचा चालक. नाक टोमॅटोसारखं लाल आणि तोंडाला कुलूप नाही. कर्टिसच्या संशयितांच्या यादीत दुसरा नंबर त्याचा होता, कारण गाळ घट्ट व्हायला लागला तर एक दिवस तळं संपणार आणि जेरार्डचा पंपही संपणार.

"मी? त्या तळ्यावर माझं प्रेम आहे असं वाटतं त्याला?" जेरार्ड म्हणाला. "अगं, उन्हाळ्यात पक्षी बसू नयेत म्हणून तोफा धडाडतात तिथं दिवसभर. मासळी नाही, लाट नाही, वास असा की बायको घरात घेत नाही. ते तळं बुजलं तर मी पहिला नाचीन. घरी जाईन."

"कावळ्यांचं काय सांगत होतास?"

"हां. सकाळी पंपावर जाताना शेडवरून गेलो. अंधारच होता. थंडी बघ, उणे अडतीस. आणि शेडच्या मोटरची ती हवा बाहेर टाकायची जाळी आहे ना, तिच्यावर डोमकावळे ओळीनं बसलेले, पंख फुगवून. शेकोटीभोवती म्हातारे बसतात तसे. मी भोंगा वाजवला, तरी एक हलला नाही. मला मजा वाटली, बाकी काही नाही."

"रोज बसतात तिथं?"

"दिवसा बसतात. सकाळी जाताना कधी दिसले नाहीत." त्यानं खांदे उडवले. "कावळे आहेत. त्यांना काय शिफ्ट असते?"

डोरीन तडक लॅरिसा मेल्निककडं गेली. पावडरीची कल्पना लॅरिसाचीच. सहा वर्षं ती या एका टाकीसाठी झिजली होती. आदल्या रात्री ती विमानानं येणाऱ्या सरकारी तपासनिसांना घ्यायला शहरात गेली होती. प्रयोगशाळेत ती बरण्यांपुढं डोकं धरून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांकडं पाहून डोरीननं आधी तिच्यासाठी चहा ठेवला, मग प्रश्न विचारला.

"त्यात कुणी काही ओतलं का?"

"नाही. सगळं तपासलं मी. पाणी तेच, माती तीच, पावडर तेवढीच."

"मग असं कशानं होतं?"

"ढवळून," लॅरिसा म्हणाली. "थोडं ढवळलं की मातीचे गोळे धरतात. जास्त ढवळलं की फुटतात. एकदा फुटले की परत धरत नाहीत, कितीही पावडर घाला. ही टाकी कुणीतरी तासन् तास ढवळलीय. पण मी आले तेव्हा मोटर बंद होती, डोरीन. अल्फॉन्सनंही बंदच करून ठेवली होती."

"म्हणजे कुणीतरी मधेच चालू केली आणि परत बंद केली."

"आणि तेही मुद्दाम, कुणाला कळू नये म्हणून. कॅमेऱ्यात काही नाही का?"

"कॅमेऱ्यावर नाताळापासून बर्फ आहे," डोरीन म्हणाली. "त्यात अस्वल दिसलं तरी ते अस्वल आहे की आपला आचारी, हे सांगता येणार नाही."

लॅरिसा हसली नाही. तिनं खिडकीकडं बोट दाखवलं. बाहेर मिशा बर्फानं पांढऱ्या झालेला एक माणूस बरणीएवढा थर्मास छातीशी धरून पळत होता.

४

पळणारा ब्रेंट हॉल्वर्सन. दुसऱ्या एका पावडरीचा विक्रेता. त्याची पावडर लॅरिसानं दोनदा नाकारली होती, तरी आठवडाभर तो कॅम्पात ठाण मांडून होता आणि सगळ्यांना आपल्या कंपनीच्या नावाच्या टोप्या वाटत होता. उणे अडतीसमध्ये फार पळता येत नाही. डोरीन आपल्या गाडीतून त्याच्या शेजारून चालण्याच्या वेगानं निघाली, खिडकी खाली केली आणि म्हणाली, "बस आत. फुप्फुसं गोठतील."

तो निमूट बसला.

"थर्मासमध्ये काय आहे?"

"सूप."

"ओत की मला थोडं. सकाळपासून पोटात काही नाही."

ब्रेंटनं झाकण उघडलं, पण आतून काही ओतलंच जाईना. डोरीननं थर्मास उलटा धरला, बुडावर थाप मारली, आणि तिच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर करड्या गाळाचा एक टणक गोळा धप्पकन पडला. वर चमचाभर निवळ पाणी.

"हे कधी चोरलंस?"

"चोरलं काय म्हणता. नमुना घेतला," ब्रेंट पुटपुटला. "काल संध्याकाळी. शिफ्टची बस गेली ती मी खिडकीतून पाहिली, सगळे गेले, मग मी आत गेलो. तिनं त्यात काय घातलंय ते मला कळायला हवं होतं. बॉस म्हणालाय, या महिन्यात काही विकलं नाहीस तर येऊ नकोस. पण मी ढवळलं नाही काही. मोटर बंद होती, टाकी शांत होती, आणि गाळ असा सुंदर लागला होता की मला रडू आलं."

"तुझ्या बाजूनं रडू, की तिच्या?"

"माझ्या," ब्रेंट प्रामाणिकपणे म्हणाला.

डोरीन गोळ्याकडं बघत राहिली. अल्फॉन्सची बस गेल्यावर गाळ घट्ट होता आणि मोटर बंद होती. म्हणजे अल्फॉन्स सुटला. पण साहेबाला नुसतं 'तो नव्हता' सांगून भागणार नव्हतं. साहेबाला कुणीतरी माणूस हवा होता, आणि बस निघालीसुद्धा असणार.

"तू असताना आणखी कुणी आलं?"

"आलं ना. बाहेर गाडी थांबली, म्हणून तर मी मागच्या दारानं सटकलो."

"कुणाची गाडी?"

"पांढरी. इथं सगळ्याच पांढऱ्या. वर तो गाडी लांबून दिसावी म्हणून लावतात तो लाल झेंडा. तोही सगळ्यांनाच. माणूस उतरून आत गेला. गाडी तशीच चालू ठेवून."

"तोंड पाहिलंस?"

"बाई, मी तिकडं पाठ करून पळत होतो."

५

डोरीनकडं आता सगळं होतं आणि काहीच नव्हतं. तिनं सकाळपासून जितक्यांना विचारलं, 'काल रात्री टाकीला हात लावलास का', तितक्यांनी कानावर हात ठेवले होते. पहारेकरी, झाडूवाला, गाडीचालक, अगदी साहेबसुद्धा. आणि वाईट म्हणजे तिला प्रत्येकाचं खरं वाटलं होतं. खोटं बोलणारा माणूस तिला लांबून कळायचा. लग्न केलं होतं तिनं एकाशी.

जेवणघराच्या खिडकीशी ती थर्मासच्या झाकणासारखी घट्ट तोंड करून बसली. समोर गाड्यांचं आवार. जेरार्डनं दोन अंडी आणि तळलेल्या पिठाच्या पुऱ्या तिच्यापुढं सरकवल्या.

"खा. बस आली की तुला खायची शुद्ध राहणार नाही."

"जेरार्ड, आवारात कुणाची गाडी चालू आहे का रे?"

त्यानं बाहेर पाहिलं. "नाही. कोणी नाहीये तिकडं."

डोरीनचा घास हातातच राहिला.

आवारात दहा-बारा पांढऱ्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. एकाही गाडीत माणूस नव्हता आणि एकूण एक गाडी चालू होती. नळ्यांमधून वाफा निघत होत्या, काचा थरथरत होत्या. तिची स्वतःचीही गाडी त्यातच होती. ब्रेंटला उतरवल्यापासून ती तशीच घुरघुरत होती आणि डोरीनच्या ते गावीही नव्हतं. या थंडीत इंजिन बंद करणारा माणूस वेडा. नोव्हेंबरात चालू करायची, एप्रिलात बंद करायची, अशी थट्टाच होती. आणि म्हणून कुणी विचारलं की 'गाडीला काही केलंस का', तर माणूस शपथेवर 'नाही' म्हणणार. कारण चालू ठेवणं म्हणजे काही करणं नव्हेच. काही करणं म्हणजे बंद करणं.

"मी प्रश्नच चुकीचा विचारला," ती म्हणाली.

"काय?"

"कर्टिससाहेबाची गाडी गोठली होती, ती आठवते तुला?"

जेरार्डचं तोंड फुललं. न आठवून कसं चालेल? दोरी बांधून ओढून आणणारा तोच होता. पहिल्याच आठवड्यात साहेब मीटिंगला गेला, डिझेल वाचवायचं म्हणून गाडी बंद करून गेला, आणि परत आला तेव्हा गाडीचा दगड झाला होता. जेरार्डनं ती ओढत जेवणघरावरून मुद्दाम दोन वळसे घातले आणि अख्ख्या कॅम्पनं खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. आत स्टिअरिंग धरून साहेब बसलेला, कानापर्यंत लाल. त्यानंतर महिनाभर जो भेटेल तो त्याला हेच सांगायचा. साहेब, चालू ठेवा. साहेब, काही बंद करू नका. आचाऱ्यानं तर त्याच्या सूपच्या वाडग्याखाली मेणबत्ती लावून दिली होती.

"चांगला धडा शिकला बिचारा," जेरार्ड म्हणाला.

"नको तितका चांगला," डोरीन म्हणाली आणि उठली. फाटकातून बस आत येत होती.

६

कर्टिस कॅम्पच्या दारात उभा होता, भाषणाचा कागद हातात, अल्फॉन्स दोन पावलांवर, बॅग खांद्याला. लॅरिसा दोन तपासनिसांना घेऊन आली होती आणि जमिनीकडं बघत होती.

"सही झाली?" कर्टिसनं विचारलं.

"एक राहिलंय, साहेब. आज सकाळी शेडमध्ये शिरल्यावर तुम्ही काय काय केलंत, ते ओळीनं सांगा. काही गाळू नका."

"परत? आत आलो. दिवे लावले. मोटर बंद केली. झाकण—"

तो थांबला.

लॅरिसानं मान वर केली.

"मोटर बंद केलीत," डोरीन शांतपणे म्हणाली. "म्हणजे ती चालू होती. म्हणून तर कावळे अंधारातच जाळीवर शेकत बसले होते, जेरार्डनं पाहिले. काल शिफ्टची बस गेल्यावर ती बंद होती, ब्रेंटनं स्वतः पाहिली. मग मधे चालू कुणी केली?"

"मी," कर्टिस म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता, की डोरीनला त्याला खुर्ची द्यावीशी वाटली. "मी संध्याकाळी भाषणाची तालीम करायला गेलो होतो. टाकीपुढं उभं राहून. इतकी थंडी, तो हीटर लहानसा. वाटलं, रात्रीत हीटर बंद पडला तर सगळं गोठेल. म्हणून मी मोटर चालू करून ठेवली. अगदी हळू. तुम्हीच सगळे म्हणता ना, काही बंद करू नका."

"टाकीला हात लावला का असं मी सकाळीच विचारलं होतं, साहेब."

"पण मी हात कुठं लावला? मी तर... नुसती चालू ठेवली."

जेरार्डनं टोपी तोंडावर धरली. हसत होता की काय, ते कळलं नाही. लॅरिसानं डोळे मिटून घेतले. "गोठलं असतं तर चाललं असतं, कर्टिस," ती म्हणाली. "गोठणं चांगलं असतं त्याला. गोठून वितळलं की पाणी आणखी सुटतं."

कर्टिस अल्फॉन्सकडं वळला. त्याला काही बोलायचं होतं, पण बसचं दार उघडलं आणि फिलोमीनमावशी खाली उतरली. बुटकी, गोल, फर लावलेला कोट, हातात फडक्यात बांधलेली बॅनक, म्हणजे गावाकडची जाड भाकर. तिच्यामागून एकेक करत पाच-सहा म्हातारे-म्हाताऱ्या. तिनं भाच्याकडं पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या बॅगकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा दगड झाला. या फाटकातून ती याआधीही पुष्कळदा रिकाम्या हातांनी परत गेली होती.

डोरीननं पाहिलं, कर्टिस हातातल्या कागदाची घडी उलगडत होता. त्या कागदात कुणाचं तरी नाव लिहून टाकायला अजूनही वेळ होता. यंत्राचं नाव, हवेचं नाव. पाहुण्यांना काय कळणार होतं? तिला मनापासून भीती वाटली, की तो तेच करील.

कर्टिसनं कागद खिशात कोंबला. पुढं होऊन अल्फॉन्सच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि स्वतःच्या पायाशी ठेवली.

"आज तुम्हाला दाखवायला काही नाही," तो म्हणाला. "काल होतं. तुमच्या माणसानं ते नीट केलं होतं. रात्री मी ते बिघडवलं, आणि सकाळी दोष त्याच्यावर टाकला. चूक त्याची नव्हती. मी केलं."

मावशी त्याच्याकडं बघत राहिली. मग आपल्या भाषेत भाच्याशी काहीतरी बोलली, बरंच लांबलचक. अल्फॉन्सच्या ओठांचा कोपरा हलला.

"काय म्हणतात त्या?" कर्टिसनं विचारलं.

"मावशी म्हणते, तळं खणलं तेव्हापासून ती इथं येतेय. पाइप फुटला, पाऊस जास्त झाला, आधीच्या साहेबानं केलं, हे सगळं ऐकून झालंय. कंपनीच्या माणसाच्या तोंडून 'मी केलं' हे आज पहिल्यांदा ऐकतेय." अल्फॉन्सनं मागं नजर टाकली. "ती म्हणते, परत एकदा म्हणा. मागं इसिडोरकाका उभे आहेत, त्यांना कमी ऐकू येतं."

कर्टिसनं घसा साफ केला आणि त्या थंडीत, सगळ्या कॅम्पला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पुन्हा म्हटलं.

मागच्या म्हाताऱ्यानं कानावरची टोपी सारली, मान डोलवली आणि काठी टेकत पुढं आला.

"बरं," तो म्हणाला. "मग अल्फॉन्स ती टाकी परत कधी लावतोय?"